टोपॉलॉजिकल इन्सुलेटरची कड आपोआप चुंबकीय होते का?

टोपॉलॉजिकल इन्सुलेटर म्हणजे आतून विद्युतरोधक, पण कडेवरून वीज वाहून नेणारा पदार्थ. त्याबद्दल प्रश्न असा आला आहे: मर्क्युरी टेल्युराइडच्या क्वांटम वेलमध्ये (काही नॅनोमीटर जाडीच्या थरात) दहा मायक्रॉन लांबीच्या कडेचा रोध अपेक्षेच्या तिप्पट येतो. तापमान ५० मिलीकेल्विनपासून २ केल्विनपर्यंत नेलं तरी तो फारसा हलत नाही. नमुन्यात चुंबकीय अणू मिसळलेले नाहीत. मग इलेक्ट्रॉनांच्या परस्परक्रियेमुळे कड स्वतःहून चुंबकीय झाली आणि टोपॉलॉजीचं संरक्षण सुटलं, असं म्हणता येईल का?

माझ्या मते नाही, निदान एवढ्या पुराव्यावर तरी नाही. परस्परक्रियेचा हात यात नक्की असावा. पण संपूर्ण कड एकसंध चुंबक झाली असती, तर तुम्हाला हा सपाट आलेख दिसला नसता. कडेच्या आसपास काही ठिकाणी अडकून पडलेले, स्वतःचा मोकळा स्पिन, म्हणजे इवलंसं अंगभूत चुंबकत्व, असलेले थोडेसे इलेक्ट्रॉन हा जास्त संभवनीय आरोपी आहे. सिद्धांताच्या पुस्तकांत ही दोन्ही चित्रं ‘टाइम-रिव्हर्सल सममिती धोक्यात’ (काळ उलटवला तरी नियम तेच राहतात ती सममिती) या एकाच मथळ्याखाली येतात आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो.

आधी संरक्षण म्हणजे नेमकं काय ते पाहू. कडेवर उजवीकडे जाणारा इलेक्ट्रॉन आणि डावीकडे जाणारा इलेक्ट्रॉन ही एकमेकांची क्रॅमर्स जोडी असते: एकाचा काळ उलटवला की दुसरा मिळतो, स्पिन उलटा आणि वेगही उलटा. स्पिन अर्धा असल्यामुळे काळ दोनदा उलटवला की उणे चिन्ह येतं. त्या चिन्हामुळे कुठल्याही अचुंबकीय अशुद्धीसाठी या दोन अवस्थांमधला मॅट्रिक्स घटक स्वतःच्याच उणे किमतीइतका ठरतो, म्हणजे शून्य. इलेक्ट्रॉनला मागे उलटायला वाट उरत नाही. हा युक्तिवाद देखणा आहे, पण त्यात तीन अटी गृहीत आहेत. एका वेळी एकच इलेक्ट्रॉन विचारात घ्यायचा, त्याची ऊर्जा बदलायची नाही, आणि अशुद्धीला स्वतःची हलणारी अंतर्गत अवस्था नसावी. परस्परक्रिया चालू केली की पहिल्या दोन अटी ताबडतोब जातात. तिसरीही जाऊ शकते, आणि तुमच्या नमुन्याची गोष्ट बहुधा तिथेच आहे.

क्वांटम हॉल परिणामाशी (जोरदार चुंबकीय क्षेत्रात पातळ थराचा रोध ठरावीक पायऱ्यांत येतो, त्याच्याशी) तुलना केली की फरक ठसठशीत दिसतो. तिथे कडेवरचे सगळे इलेक्ट्रॉन एकाच दिशेने जातात. उलट जाणारी वाट दुसऱ्या कडेवर, मधल्या इन्सुलेटिंग भागाच्या पलीकडे असते. म्हणून मिलिमीटरभर लांब नमुन्यातही २५८१२.८०७ ओहम ही किंमत अब्जांश अचूकतेने मिळते आणि रोधाचं प्रमाण म्हणून वापरता येते. क्वांटम स्पिन हॉलमध्ये, म्हणजे आपल्या द्विमितीय टोपॉलॉजिकल इन्सुलेटरमध्ये, उलट वाट त्याच कडेवर, त्याच जागी असते. आड येते ती फक्त सममिती. केन आणि मेले यांनी २००५ मध्ये ग्राफीनसाठी ही अवस्था सुचवली, पण ग्राफीनमधलं स्पिन-ऑर्बिट युग्मन (स्पिन आणि गती यांची सांगड) फारच क्षीण निघालं. २००६ मध्ये बर्नेविग, ह्यूज आणि झांग यांनी मर्क्युरी टेल्युराइडचा थर सुमारे ६.३ नॅनोमीटरपेक्षा जाड केला तर ऊर्जेचे पट्टे उलटतात (खालचा वर, वरचा खाली) असं दाखवलं. २००७ मध्ये वुर्ट्सबुर्गमध्ये मोलेनकाम्प यांच्या गटाने ते मोजलं. एक मायक्रॉनच्या नमुन्यात वाहकता दोन ई²/एच च्या जवळ आली (ई हा इलेक्ट्रॉनचा प्रभार, एच हा प्लांकचा स्थिरांक). वीस मायक्रॉनच्या नमुन्यात मात्र रोध बराच जास्त होता. म्हणजे लांबीची ही तक्रार या क्षेत्राच्या पहिल्या प्रयोगापासूनची आहे. तुमच्या नमुन्यात काही विशेष बिघडलं आहे असं त्यावरून समजू नका.

तुमच्या आकड्यांतून एक उपयोगी संख्या लगेच काढता येते. एका कडेचा रोध (एच/ई²) गुणिले (१ + लांबी/लॅम्डा) असा धरला (लॅम्डा म्हणजे मागे उलटण्याआधीचं सरासरी अंतर), तर तिप्पट रोधाचा अर्थ लॅम्डा सुमारे ५ मायक्रॉन. मर्क्युरी टेल्युराइडसाठी ही किंमत अगदी नेहमीची आहे.

आता परस्परक्रिया. एका मितीत इलेक्ट्रॉन एकमेकांना वळसा घालून जाऊ शकत नाहीत, म्हणून एकेकट्या इलेक्ट्रॉनचं चित्रच मोडतं आणि सगळ्यांची मिळून घनतेची लाट हीच मूळ हालचाल उरते. याला टोमोनागा-लटिंजर द्रव म्हणतात. कडेवरच्या या प्रकाराला ‘हेलिकल’ म्हणतात, कारण स्पिन आणि दिशा एकमेकांना बांधलेली असतात. परस्परक्रियेचा जोर ‘के’ या एका संख्येत मावतो. के एक असेल तर परस्परक्रिया नाही, आणि प्रतिकर्षण जितकं जास्त तितका के कमी. या संख्येचा अंदाज कागदावर करता येतो. मर्क्युरी टेल्युराइडच्या कडेवर वेग सेकंदाला सुमारे ५ लाख मीटर आणि डायइलेक्ट्रिक स्थिरांक पंधराच्या आसपास धरला, तर कूलोंब ऊर्जा आणि गतिज ऊर्जा यांचं गुणोत्तर ०.३ च्या जवळ येतं. धातूचं गेट (व्होल्टेज लावायचा थर) शंभर नॅनोमीटरवर असेल तर ते प्रतिकर्षण आणखी झाकतं, आणि के ०.८ ते ०.९ च्या दरम्यान बसतो. गेट दूर असेल तर के आणखी खाली उतरतो. तुमचा नमुना सौम्य परस्परक्रियेच्या बाजूला आहे, आणि पुढचं सगळं वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवा.

सममिती न मोडता परस्परक्रिया काय करू शकते? एक इलेक्ट्रॉन मागे उलटणं मना आहे, पण दोन इलेक्ट्रॉन एकाच वेळी मागे उलटणं मना नाही. दोन उणे चिन्हांचा गुणाकार अधिक होतो आणि बंदी उठते. वू, बर्नेविग, झांग आणि स्वतंत्रपणे शू व मूर यांनी २००६ मध्येच हे दाखवलं. तरी ही वाट अरुंद आहे. सारखा स्पिन असलेले दोन इलेक्ट्रॉन पाउली तत्त्वामुळे एकाच बिंदूवर येऊ शकत नाहीत, म्हणून कमी ऊर्जेवर ही प्रक्रिया फार दुबळी होते. ती वरचढ ठरायला के बराच खाली यावा लागतो. एकच अशुद्धी असेल तर पाव, कडेभर विखुरलेली अव्यवस्था असेल तर तीन अष्टमांश, आणि कड पूर्ण स्वच्छ असून इलेक्ट्रॉनांची घनता अगदी नेमक्या जागी असेल तर अर्धा. तुमच्या कडेवरचा के या तिन्ही उंबरठ्यांच्या बराच वर आहे.

दुसरी वाट ऊर्जा बदलणाऱ्या प्रकीर्णनाची. खऱ्या पदार्थात स्पिनचा अक्ष संवेगाबरोबर थोडा थोडा फिरत जातो. त्यामुळे एक इलेक्ट्रॉन मागे उलटून आपली ऊर्जा दुसऱ्याला देऊ शकतो. श्मिट, राखेल, फॉन ओपेन आणि ग्लाझमान यांनी २०१२ मध्ये हे तपशिलात मांडलं: परस्परक्रिया सौम्य असेल तर वाहकतेतली घट तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. दोन इलेक्ट्रॉनांच्या प्रक्रियेत हा घात ८के−२ इतका, म्हणजे के एक असताना सहा.

इथे तुमचा सपाट आलेख बोलायला लागतो. ५० मिलीकेल्विनपासून २ केल्विन म्हणजे चाळीसपट. चौथा घात खरा असता तर जादा रोध पंचवीस लाखपटीने बदलायला हवा होता. (इथे एक सावधगिरी: डायल्यूशन फ्रीजमध्ये (मिलीकेल्विनपर्यंत थंड करणाऱ्या यंत्रात) साधारण १०० मिलीकेल्विनच्या खाली थर्मामीटर थंड होतो, इलेक्ट्रॉन होतीलच असं नाही. तारांवर फिल्टर नीट नसतील तर आलेखाचा तो भाग सोडून द्या. तरीही वीसपट उरतेच.) कडेवरच्या इलेक्ट्रॉनांनी आपापसात टकरून हा रोध तयार केलेला नाही, एवढं यातून जवळजवळ पक्कं होतं.

मग सपाट रोध येतो कुठून? व्हेयरिनेन, गोल्डस्टीन आणि ग्लाझमान यांनी २०१३ मध्ये दिलेलं उत्तर मला आजही सर्वांत पटतं. अरुंद गॅपच्या (इलेक्ट्रॉनांना मनाई असलेल्या ऊर्जापट्ट्याच्या) अर्धवाहकात डोपिंगचे आणि गेटखालच्या थराचे प्रभार इकडेतिकडे विखुरलेले असतात. त्यांच्यामुळे विभव वरखाली होतं, आणि गॅप काही मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टांचीच असेल तर कुठे कुठे इलेक्ट्रॉनांची छोटी डबकी साचतात. कडेवरून चाललेला इलेक्ट्रॉन अशा डबक्यात शिरतो, तिथे बराच वेळ रेंगाळतो, आतल्या इलेक्ट्रॉनांशी ऊर्जेची देवाणघेवाण करतो, आणि बाहेर पडताना कुठल्याही दिशेला जाऊ शकतो. डबकं पुरेसं मोठं असेल तर ते व्होल्टेज मोजणाऱ्या संपर्कासारखं वागतं, आणि असं एक डबकं कडेचा रोध एच/ई² वरून थेट दोन एच/ई² वर नेतं. तुमच्या तिप्पट रोधाला अशी दोन डबकी पुरतात.

याच डबक्यांत चुंबकत्वही लपलेलं असतं. डबकं लहान असेल तर त्यात आणखी एक इलेक्ट्रॉन घालायला कूलोंब ऊर्जा मोजावी लागते, म्हणून आतली संख्या ठरावीक राहते. ती विषम असली की एक स्पिन जोडीशिवाय उरतो. कुठलाही मँगनीज किंवा क्रोमियमचा अणू नसताना तिथे एक चुंबकीय अशुद्धी तयार होते, केवळ परस्परक्रियेतून. ‘परस्परक्रियेमुळे चुंबकत्व’ हे तुमचं वाक्य या अर्थाने बरोबरच आहे, फक्त ते कडभर पसरलेलं नसून तुकड्यातुकड्यांनी आहे. टाइम-रिव्हर्सल सममितीही मोडलेली नाही, कारण तो स्पिन कुठल्याही एका दिशेला गोठलेला नाही. त्याला दोन अवस्था आहेत आणि तो त्यांत उलटसुलट होतो.

प्रयोगांचा कौलही या बाजूने आहे. २०१३ मध्ये स्टॅनफर्डच्या गटांनी मर्क्युरी टेल्युराइडवर सुईसारखं गेट फिरवून पाहिलं, तेव्हा रोध कडेवर सारखा पसरलेला नव्हता, ठरावीक ठिपक्यांवर एकवटलेला होता. २०१९ मध्ये वुर्ट्सबुर्गच्या गटाने दाखवलं की गॅप वाढवून वाहकता सुधारत नाही. मात्र गेट व्होल्टेज पुढेमागे नेऊन इन्सुलेटर थरातले सापळे प्रभाराने भरले, म्हणजे विभवाचा चढउतार बदलला, तर मोठ्या लांबीच्या कडेवरही वाहकता अपेक्षित किमतीजवळ येते. आपोआप आलेलं चुंबकत्व हे कारण असतं तर या उपायाचा असा उपयोग व्हायचं काही कारण नव्हतं. तुमच्याकडे नमुना अजून थंड असेल तर आधी हेच करून पाहा.

अशा एकेका स्पिनबद्दल एक गोष्ट नेहमी चुकीची सांगितली जाते. चुंबकीय अशुद्धी आली की इलेक्ट्रॉन मागे उलटला आणि रोध आला, असं सर्रास म्हणतात. प्रत्यक्षात उजवीकडे जाणारा वर-स्पिन इलेक्ट्रॉन मागे उलटताना स्वतः खाली-स्पिन होतो, आणि एकूण स्पिन टिकून राहायचा असेल तर अशुद्धीचा स्पिन खालून वर जायला हवा. हे एकदा झालं की अशुद्धी वर. पुढचा उजवीकडे जाणारा इलेक्ट्रॉन तिला आणखी वर नेऊ शकत नाही, त्यामुळे तो सरळ निघून जातो. अशुद्धीला पुन्हा खाली आणायला डावीकडे जाणारा इलेक्ट्रॉन लागतो आणि तो उलटून उजवीकडे जातो. गोळाबेरीज शून्य. स्थिर प्रवाहात अशी अशुद्धी काहीच रोध देत नाही. तानाका, फुरुसाकी आणि मात्वेयेव यांनी २०११ मध्ये हे स्पष्ट केलं. रोध यायला अशुद्धीचा स्पिन दुसऱ्या एखाद्या मार्गाने विसावला पाहिजे: असमदिश (दिशेनुसार बदलणाऱ्या) युग्मनामुळे, शेजारच्या स्पिनमुळे किंवा अणुकेंद्रांमुळे. चुंबकीय अणू मोजून रोध भाकीत करायचे प्रयत्न बहुतेकदा इथेच फसतात.

याला जोड मिळते कोंडो परिणामाची. तापमान पुरेसं, म्हणजे ‘कोंडो तापमाना’खाली, उतरलं की कडेवरचे इलेक्ट्रॉन अशुद्धीच्या स्पिनला झाकून टाकतात. मासिएको आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की के पावापेक्षा मोठा असेल तर शून्य तापमानाकडे जाताना कड जणू त्या जागेला वळसा घालून पुढे जाते आणि वाहकता पूर्ण परत येते. के पावापेक्षा लहान असेल तर कड त्या जागी तुटते. मधल्या तापमानात रोध तापमानाबरोबर लॉगरिथमसारखा, म्हणजे अगदी सावकाश, बदलतो. डबकी निरनिराळ्या आकाराची असल्याने प्रत्येक डबक्याचं कोंडो तापमान वेगळं, आणि सगळ्यांची सरासरी घेतली की तापमानावरचं अवलंबन आणखी पुसट होतं. तुमचा सपाटपणा इथून येऊ शकतो. उलट बाजूने, २०१३ मध्ये आल्टशुलर, अलेइनर आणि युडसन यांनी सांगितलं की विस्कळीत असमदिशतेच्या अशा स्पिनांची लांबच लांब माळ असेल तर पुरेशा लांब कडेवर इलेक्ट्रॉन स्थानबद्ध होऊ शकतात, म्हणजे जागीच अडकतात. तेव्हा रोध लांबीबरोबर घातांकी वाढेल. हे तपासायला एका लांबीचा नमुना पुरत नाही.

आता खऱ्या प्रश्नाकडे: संपूर्ण कड आपोआप चुंबकीय होण्याकडे. यासाठी सर्वांत अभ्यासलेलं प्रतिमान म्हणजे केन-मेले-हबर्ड, म्हणजे केन-मेलेच्या जाळीवर एकाच जागी दोन इलेक्ट्रॉन आले की ‘यू’ इतकी किंमत. झिगझॅग कडेवर मीन-फील्ड पद्धतीने (इतर इलेक्ट्रॉनांची फक्त सरासरी धरून) हिशेब केला की छोट्या यू लाच कडेवर चुंबकत्व येतं. अनेक जण इथेच थांबतात. पण एका मितीत मीन-फील्ड चढउतारांना विसरतं आणि नको तितकं चुंबकत्व देतं. अर्ध्या भरलेल्या जाळीवर या प्रतिमानात क्वांटम माँटे कार्लो या संगणकीय पद्धतीची कुप्रसिद्ध चिन्ह-समस्या (धन-ऋण पदं एकमेकांना खोडतात ती) येत नाही, त्यामुळे अचूक उत्तर काढता येतं. होहेनाडलर, लांग आणि असाद यांनी २०११ मध्ये ते काढलं. स्पिनच्या अक्षाला काटकोनात असलेले सहसंबंध कडेवर खूप बळावतात, पण अंतराबरोबर घातनियमाने विरत जातात. खरी क्रमबद्धता येत नाही. आतला संपूर्ण भाग चुंबकीय होतो तो फार पुढे: स्पिन-ऑर्बिट नसताना यू ३.८ टी च्या आसपास (टी म्हणजे इलेक्ट्रॉनने शेजारच्या जागी उडी मारण्याची ऊर्जा) आणि स्पिन-ऑर्बिट ०.१ टी असताना ५ टी च्या आसपास. मग मात्र टोपॉलॉजिकल अवस्थाच संपते.

दिशा महत्त्वाची आहे. कडेच्या स्पिन-अक्षाला समांतर चुंबकीकरण असेल तर दोन्ही शाखा फक्त थोड्या सरकतात, गॅप येत नाही, वाहकता तीच. अक्षाला काटकोनात असेल तर उजवी आणि डावी शाखा मिसळतात आणि गॅप पडते. ‘कडेवर चुंबकत्व आहे’ आणि ‘कडेची वाहकता गेली’ ही दोन वेगळी विधानं आहेत, हे विसरू नका.

समजा के अर्ध्यापेक्षा कमी आहे, घनता नेमकी आहे आणि स्पिनचा अक्ष टिकून राहायचं बंधन नाही. तेव्हा शून्य तापमानाला काटकोनातलं चुंबकीकरण खरोखर जमतं आणि टाइम-रिव्हर्सल सममिती आपोआप मोडते. दोन पर्याय समान ऊर्जेचे: हे किंवा याच्या उलटं. पण तापमान थोडं जरी असलं तरी दोन पर्यायांच्या मधली सीमा तयार करायला ठरावीक ऊर्जा लागते, आणि ती कुठे ठेवायची याला मात्र लांबीइतके पर्याय असतात. लांब कडेवर एन्ट्रॉपी जिंकते, सीमा पडतात आणि क्रमबद्धता तुटते. गंमत त्या सीमांमध्ये आहे. जॅकिव आणि रेबी यांच्या १९७६ च्या युक्तिवादानुसार अशा प्रत्येक सीमेवर अर्धा इलेक्ट्रॉन-प्रभार बसतो, आणि ची, ह्यूज व झांग यांनी २००८ मध्ये तो क्वांटम स्पिन हॉलच्या कडेला लावून दाखवला. म्हणजे ‘गोठलेल्या’ कडेवरून थोडाफार प्रवाह वाहिला तर तो ई/२ प्रभाराच्या तुकड्यांतून वाहील, आणि त्यांची संख्या तापमान उतरताना घातांकी घटेल. तुमच्या आलेखात असं काही असतं तर रोध थंड होताना झपाट्याने चढला असता. तो चढलेला नाही. माझा ‘नाही’ मुख्यतः यावर उभा आहे.

एक अपवाद मात्र गांभीर्याने घ्यावा असा आहे. वरचे सगळे हिशेब कडेवरचं विभव एकदम उभं आहे असं धरतात. प्रत्यक्षात कोरलेल्या किंवा गेटने आखलेल्या कडेवर ते हळूहळू उतरतं. वांग, मेइर आणि गेफेन यांनी २०१७ मध्ये दाखवलं की अशा मऊ कडेवर कूलोंब प्रतिकर्षणामुळे कडेची फेररचना होऊ शकते: दोन स्पिनांचे इलेक्ट्रॉन कडेपासून वेगवेगळ्या अंतरावर सरकतात आणि सममिती आपोआप मोडते. इथे के अर्ध्याखाली यायची वाट पाहावी लागत नाही. मऊ कड असलेल्या गेट-आखलेल्या नमुन्यात मी हा पर्याय यादीतून काढणार नाही. तुमचा नमुना कोरलेला असेल तर त्याची शक्यता कमी.

जोरदार परस्परक्रियेचे पदार्थही आहेत. इंडियम आर्सेनाइड आणि गॅलियम अँटिमोनाइडच्या जोडथरात कडेवरचा वेग बराच कमी असतो, त्यामुळे कूलोंब वरचढ होतं. २०१५ मध्ये तिथे घातनियम दिसला आणि त्यावरून के ०.२२ काढला गेला, म्हणजे पावाच्याही खाली. सिलिकॉन कार्बाइडवरच्या बिस्मथीनमध्ये, जिथे गॅप ०.८ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरात आहे, २०२० मध्ये टनेलिंगच्या मोजमापातून ०.४२ मिळाला. यातला दुसरा आकडा मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण तिथे कडेची अवस्था थेट दिसते. जोडथराच्या बाबतीत २०१६ मध्ये कोपनहेगनच्या गटाने टोपॉलॉजिकल नसलेल्या अवस्थेतही कडेवरून प्रवाह वाहतो हे दाखवलं, आणि तेव्हापासून तिथल्या प्रत्येक कडेच्या वाहकतेकडे मी दोनदा पाहतो. शिवाय घातनियम फक्त लटिंजर द्रवच देतो असं नाही. कूलोंब अडथळा असलेली साधी रोधांची साखळीही एका दशकभर तापमानात तसाच सरळ आलेख देऊ शकते. या पदार्थांत अणुकेंद्रांचे स्पिनही भरपूर असतात: इंडियम, आर्सेनिक, गॅलियम आणि अँटिमनीच्या सर्व स्थिर समस्थानिकांना केंद्रीय स्पिन आहे. मर्क्युरी आणि टेल्युरियममध्ये तो मोजक्याच समस्थानिकांना असल्याने तुमच्यासाठी ही बाब गौण आहे.

हेतुपुरस्सर चुंबकत्व घालणं हा वेगळा धंदा. क्रोमियम घातलेल्या बिस्मथ-अँटिमनी टेल्युराइडमध्ये २०१३ मध्ये बीजिंगच्या त्सिंगह्वा विद्यापीठात क्वांटम अनोमलस हॉल परिणाम (बाह्य चुंबकीय क्षेत्राशिवायचा क्वांटम हॉल) दिसला. आतला थर चुंबकीय झाला की एका दिशेचीच कड उरते आणि मागे उलटायला वाटच नसते. मँगनीज-बिस्मथ टेल्युराइडच्या पाच थरांत २०२० मध्ये हेच १.४ केल्विनला बाह्य चुंबकीय क्षेत्राशिवाय मिळालं. उलट मर्क्युरी टेल्युराइडमध्ये मँगनीज मिसळलं तर ते पॅराचुंबकीयच (स्वतःहून चुंबक न होणारं) राहतं, आणि २०२१ मध्ये वुर्ट्सबुर्गमध्ये अशा नमुन्यातही स्पिन हॉलची क्वांटाइझ्ड वाहकता दिसली. चुंबकीय अणू हजर म्हणजे संरक्षण गेलं, या समजुतीला याहून थेट उत्तर नसेल.

तुमच्या नमुन्यावर काय मोजावं? सर्वांत आधी लांबी. एकाच वेफरवर १, २, ५, १० आणि २० मायक्रॉनच्या कडा घ्या. रोध लांबीबरोबर सरळ रेषेत वाढला तर स्वतंत्र ठिपके, पायऱ्यांनी वाढला तर मोजकी मोठी डबकी, घातांकी वाढला तर स्थानबद्धता. नंतर गेट बारकाईने फिरवा. डबक्यांमुळे येणारे चढउतार पुन्हा पुन्हा तसेच उमटतात आणि नमुना खोलीच्या तापमानाला नेऊन परत थंड केला की बदलतात. नॉनलोकल जोडणी करून (प्रवाहाच्या थेट वाटेपासून दूर व्होल्टेज मोजून) प्रवाह खरंच कडेवरूनच जातो याची खात्री करा. हे वगळून लिहिलेले निष्कर्ष मी वाचत नाही.

चुंबकीय क्षेत्राची दिशा फिरवणं हा चुंबकत्वाचा खरा तपास आहे, पण तो वाटतो तितका सरळ नाही. क्षेत्र स्पिन-अक्षाला समांतर असताना वाहकता टिकली आणि काटकोनात पडली, तर हेलिकल कडेचा तो चांगला पुरावा. एकपदरी टंगस्टन डायटेल्युराइडमध्ये २०२१ मध्ये अशाच मोजमापातून अक्ष लंबापासून सुमारे ४० अंश कललेला निघाला. पण इंडियम आर्सेनाइडच्या जोडथरात थराला समांतर १२ टेस्लापर्यंत काहीच बदललं नाही. कडेच्या शाखांचा छेदबिंदू आतल्या पट्ट्यात दडलेला असेल तर गॅप पडूनही ती फर्मी पातळीवर (प्रवाह वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेवर) दिसत नाही, हे त्याचं एक स्पष्टीकरण. म्हणून क्षेत्राला प्रतिसाद नाही यावरून कुठलाच निकाल देऊ नका. हिस्टेरेसिस मात्र शोधा. क्षेत्र वर नेताना आणि खाली आणताना वाहकता वेगळी आली, आणि क्षेत्राचा वेग बदलूनही ती तफावत राहिली, तर मी माझं मत बदलेन. चुंबकाच्या कॉइलमध्ये अडकलेलं क्षेत्रही अशीच तफावत दाखवतं, तेव्हा शेजारी एक साधा हॉल प्रोब ठेवा.

परस्परक्रियेची गोष्ट खरोखर रंगणार आहे ती मर्क्युरी टेल्युराइडमध्ये नाही. २०२४ मध्ये कॉर्नेलच्या गटाने पिळलेल्या मॉलिब्डेनम डायटेल्युराइडच्या दोन थरांत, मोआरे पेशीमागे (थर पिळल्याने बनणाऱ्या मोठ्या नक्षीच्या एककामागे) तीन होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) असताना, प्रत्येक कडेमागे दीड ई²/एच वाहकता नोंदवली. तिथे पट्टे इतके सपाट आहेत की परस्परक्रिया हीच मुख्य ऊर्जा ठरते, आणि त्याच पदार्थात कमी भरणीला चुंबकीय अवस्था व अपूर्णांकी क्वांटम अनोमलस हॉलही आढळला आहे. दीडची ती अवस्था टाइम-रिव्हर्सल सममिती राखते की आपोआप मोडते, यावर वाद झाला आहे. तुमचा प्रश्न तिथे विचारला असता, तर मी एवढ्या सहज ‘नाही’ म्हटलं नसतं.